पहिले दुपटे, मग गोधडी



या सदरात आपण नेहमी पेरणी, फवारणी, माती आणि पाणी यांविषयी बोलतो. आज बोलायचे आहे ते सुई-दोऱ्याविषयी. तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या बाई आता गोधडी शिवायला शिकवणार की काय? तर होय, तेच करणार आहे. गावोगावच्या बैठकांत कामाचे बोलणे संपले, चहाचे कप फिरले, की हा विषय निघतोच. तिशी-पस्तिशीतली एखादी सून हळूच विचारते, “बाई, गोधडी शिवावीशी वाटते, थोडं भरतकामही यावंसं वाटतं. पण सुरुवात कुठून करायची?” आणि तिच्या शेजारीच तिची सासू बसलेली असते, जिने आयुष्यात पंधरा-वीस गोधड्या शिवलेल्या असतात. दोघी एका घरात राहतात, एका चुलीवर जेवतात, पण हा प्रश्न ती मला विचारते, सासूबाईंना नाही!

‘छंद’ हा शब्द आपल्या शेतकरी घरांत जरा लाजतच उच्चारला जातो. काम म्हटले तर सगळे मान देतात, छंद म्हटले की रिकामटेकडेपणा वाटतो. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, की दिवसातला एक तास स्वतःच्या हातांसाठी काढण्यात काहीही वावगे नाही. पुरुष मंडळी पारावर बसतात, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. असो.

आता मुद्द्यावर येऊ. पहिली गोष्ट कापडाची, आणि ती जरा घाईची आहे.

गोधडीसाठी दुकानातून नवे कापड आणू नका. नव्या कापडाला खळ असते, ते ताठ असते, सुई अडते, आणि पहिल्या धुण्यात ते आटते. गोधडी हा मुळातच जुन्या कापडाचा जिन्नस आहे. दहा वर्षे धुऊन, उन्हात वाळून, अंगाला लागून जे सुती लुगडे मऊ झाले, त्यात सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. पण असे लुगडे आता घरात किती उरले आहे, ते एकदा ट्रंक उघडून पाहा. रोजच्या वापरातल्या बहुतेक साड्या आता पॉलिएस्टरच्या असतात. सुती नऊवारी नेसणारी पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. तिची लुगडी आणि आजोबांची धोतरे फरशी पुसण्यात, ट्रॅक्टरचे ऑइल टिपण्यात आणि बैलाच्या जखमेला पट्ट्या बांधण्यात संपत चालली आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी गोधडी शिवायची इच्छा असेल, पण तिचे कापड घरात नसेल. म्हणून हा अंक खाली ठेवल्यावर पहिले काम हे करा : घरातले जुने सुती कापड एका जागी जमा करा, धुवा, कडक उन्हात वाळवा आणि बांधून ठेवा. शिवायचे पुढे पाहू.

कापड सुती आहे की नाही, हे हाताला कळते, पण खात्री करायची असेल तर त्याच्या काठाचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्यासारखाच वास येतो आणि मागे भुरभुरीत राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आकसत वितळतो आणि टोकाला कडक, काळी गुठळी होते. ही परीक्षा नुसती हौसेची नाही. सुती कापड घाम टिपते, पॉलिएस्टर टिपत नाही, म्हणून ते अंगाला चिकचिकते. चुलीची ठिणगी पडली तर जळतात दोन्ही, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते आणि भाजणे खोलवर जाते. लहान मुलाच्या अंथरुणात ते नकोच. शिवाय सुती आणि पॉलिएस्टरचे थर एकत्र शिवले तर धुतल्यावर एक आटतो, दुसरा आटत नाही, आणि सगळ्या गोधडीला सुरकुत्या पडतात.

आता माझ्या खात्याची एक गोष्ट, ती मात्र कान देऊन ऐका. फवारणी करताना अंगावर असलेला सदरा, लेंगा, डोक्याला बांधलेला पंचा, तोंडाला गुंडाळलेले फडके, यांतले काहीही गोधडीत घालू नका. “चार वेळा धुतलाय की!” असे म्हणून लोक आतल्या थरात असे कपडे घालतात, ते मी पाहिले आहे. कीटकनाशकाचा अंश धुऊन पूर्ण जातोच असे नाही, आणि गोधडी तर रात्रभर अंगाशी, नाकाशी असते. तीच गोष्ट प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या कापडी पिशव्यांची. पिशवी कितीही चांगली दिसली तरी ती गोधडीत नको. फवारणीचे कपडे वेगळे ठेवावेत, वेगळे धुवावेत आणि फाटले की घरात कशालाही वापरू नयेत.

कापड जमले. आता लगेच मोठी गोधडी अंथरायची नाही. नवीन वाण आले तर आम्ही पाच एकर पेरायला सांगतो का? आधी चार गुंठ्यांत लावून पाहा म्हणतो. तसेच इथे. मोठ्या गोधडीचा हिशेब मांडून पाहा. एक नऊवारी लुगडे साधारण 27 फूट लांब आणि 4 फूट रुंद. त्याची लांबीत चौघडी केली की पावणेसात फूट लांब आणि 4 फूट रुंद अशी एका माणसाची चार थरांची गोधडी होते. पूर्वीच्या बायका फूटपट्टी न घेता हेच माप धरत. त्यात अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर एकूण शिवण भरते सुमारे 650 फूट, म्हणजे 200 मीटर. फुटाला 24 टाके धरले तर साडेपंधरा हजार टाके झाले. सरावलेला हात मिनिटाला दहा टाके घालील असे धरले तरी 26 तास लागतात. नवख्या हाताला त्याच्या दुप्पट. म्हणून हौसेने मोठी गोधडी काढलेली मुलगी आठ दिवसांत कंटाळते, गोधडी गुंडाळून माळ्यावर जाते आणि पुन्हा खाली येत नाही.

त्याऐवजी दुपटे करा. 3 फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन थर. ओळींत एक बोट, म्हणजे पाऊण इंच अंतर. शिवण होते 120 फूट, टाके तीन हजारांच्या आत. नवखा हात मिनिटाला पाच टाके घालो, तरी साधारण दहा तासांत काम उरकते. रोज एक तास दिला तर पंधरवड्यात दुपटे हातात. भावकीत, शेजारात कोणाकडे तरी पाळणा हलणारच असतो, त्यामुळे घ्यायला माणूस शोधावे लागत नाही. बिहारमध्ये मुजफ्फरपूर भागात ‘सुजनी’ म्हणून जे शिवणकाम आहे, तेही असेच, नव्या बाळाला गुंडाळण्यासाठी जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवून सुरू झालेले. म्हणजे लहानापासून सुरुवात ही काही माझीच अक्कल नाही.

साहित्य फारसे लागत नाही. मध्यम लांबीची, टोकदार, न गंजलेली सुई. दाभण नको, ते पोत्यांसाठी. त्याने मऊ कापडाला भोके पडतात. दोरा सुती आणि जरा जाड. शिलाई मशीनचा बारीक दोरा चार धुण्यांत तुटतो, आणि नायलॉनचा दोरा इतका चिवट, की तो टिकतो पण जुने कापडच कापून काढतो. दोरा सुईत ओवताना हातभरापेक्षा लांब घेऊ नका. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांब दोरा घेतला तर तो गुंततो, पिळतो आणि वेळ जास्त जातो. मेणाच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढून घेतला तर सरळ चालतो. मधल्या बोटात शिंप्याचे अंगुस्तान घालावे. पहिले दोन दिवस ते अडचणीचे वाटते, तिसऱ्या दिवशी त्याशिवाय चालत नाही.

आता मांडणी. खरे तर गोधडी चांगली होते ती शिवण्यात नाही, अंथरण्यात. जमीन सपाट आणि स्वच्छ हवी. खालचे कापड उलटे अंथरा, त्यावर मधले, त्यावर वरचे सुलटे. मधला थर चारी बाजूंनी अर्धा इंच कमी कापावा, म्हणजे खालच्या-वरच्या कापडाच्या कडा आत दुमडून त्याला झाकता येतात आणि काठ जाड होत नाही. विरलेला भाग आत जाऊ द्या, धड भाग बाहेर. लुगडे बसण्याच्या जागी आधी विरते, ते उजेडासमोर धरले की दिसते. चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्यापैकी काही, वजने, जे असेल ते ठेवा आणि तळहाताने मधून कडेकडे सुरकुती सारत न्या.

मग कच्चे टाके. बहुतेक जणी इथेच घाई करतात. मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ लांब-लांब टाक्यांनी घाला, मग मधून चारी कोपऱ्यांकडे तिरप्या ओळी घाला. हे टाके नेहमी मधून बाहेर. पक्की शिवण मात्र आपल्याकडे कडेकडून आत जाते. नांगर जसा बांधाच्या कडेने फेरे घेत आत येतो, तशी गोधडीची ओळ काठाला समांतर फिरत फिरत मध्यावर संपते. आता पाहा, कच्चे टाके न घालता कडेकडून शिवत आलात तर वरचे कापड सुईबरोबर दर ओळीला किंचित पुढे सरकते, सगळा सैलपणा मध्यात गोळा होतो आणि गोधडीला पोट येते. एकदा पोट आले की उसवण्यावाचून इलाज नाही. कच्च्या टाक्यांना अर्धा तास लागतो आणि तो सगळा वसूल होतो. पक्की शिवण झाली की ते काढून टाकायचे.

धावदोऱ्याचा टाका किती मोठा? गव्हाच्या दाण्याएवढा. तेवढाच टाका, तेवढीच मोकळी जागा. दुपट्यात यापेक्षा लांब टाके घालू नका, कारण त्यात बाळाची बोटे अडकतात. सुई तिन्ही थरांतून गेली पाहिजे, म्हणून दर चार-पाच ओळींनी दुपटे उलटून पाहा. वर टाका दिसतो आणि खाली नाही, असे झाले तर ती ओळ नुसती नक्षी झाली, थर धरले गेले नाहीत. दोऱ्याची गाठ वरच्या आणि मधल्या थरात लपवावी. दोरा ओढून घट्ट करू नये. शिवून झाल्यावर कापडावर हात फिरवला तर हलक्या सरींसारखा चढ-उतार लागावा, चुण्या लागू नयेत.

ओळी वाकड्या जातील. जाऊ द्या. तिफण हाकणारा नवखा गडीसुद्धा पहिल्या दिवशी सरळ ओळ काढत नाही. पाहिजे तर दोरी ताणून, साबणाच्या वाळक्या चिपेने रेघा मारून घ्या. धुतल्यावर त्या निघून जातात. पेन वापरू नका, शाई बसली की बसली.

ठिगळांची रंगसंगती हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे, त्यात मी पडत नाही. एवढेच सांगते, की लाल, गर्द निळे आणि काळे कापड लावण्याआधी ते ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. रंग सुटत असेल तर ते बाजूला ठेवा.

कोपऱ्यांविषयी मात्र एक गंमत सांगण्यासारखी आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्हा आहे. तिथे हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाचे लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्या समाजाच्या बायकाही जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात आणि तीही कडेकडून आत अशीच. सगळी शिवून झाली की चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची लहान तिकोनी फुले लावतात. ती फुले नसली तर गोधडी उघडी, अपुरी मानतात. पोटापाण्याच्या धबडग्यात, फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या वस्तूलाही ‘आता पूर्ण झाली’ असे म्हणायची ही रीत मला फार आवडते. तुम्हीही आपल्या दुपट्याला काही खूण ठेवा : कोपऱ्यात तुळशीचे पान, नाही तर बाळाच्या जन्माचे साल.

ही खूण घालायची म्हणजे भरतकाम आले. त्याला घाबरायचे कारण नाही. धावदोरा येतो म्हणजे अर्धे भरतकाम येतेच. बंगालमधला कांथा जगभर नावाजला जातो, त्यात मुख्य टाका कोणता? धावदोराच! तिथल्या बायकाही जुन्या साड्यांचे थर घेत, आणि भरायचा रंगीत दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातून उसवून काढत. आपल्या गोधडीत ओळी सरळ जातात, त्यांच्यात त्याच ओळी वळून मासा होतात, कमळ होतात, झाड होतात. एवढाच फरक.

धावदोऱ्यापुढे तीन टाके शिका. उलटी टीप, म्हणजे एक टाका पुढे जाऊन अर्धा मागे यायचे. याने नावे आणि देठ काढतात. साखळी टाका, याने वेल, पानाची कड. आणि गाठीचा टाका, फुलातल्या केसरांसाठी. या चारांत वर्षभर पुरेल इतके काम होते. बाजारात भरण्याच्या दोऱ्याची लडी मिळते, तिच्या दोऱ्यात सहा पदर असतात. ते सगळे एकदम घेऊ नका, दोन पदर वेगळे काढून घ्या. सरावासाठी मांजरपाटाचा हातरुमालाएवढा तुकडा आणि लाकडी रिंग पुरे. नक्षी कुठून आणायची, असे विचारतात. अहो, अंगणात रोज ठिपक्यांची रांगोळी कोण काढते? त्याच ठिपक्यांचा कागद करा आणि कार्बन ठेवून कापडावर उतरवा. तुमच्या हाताला जी नक्षी तीस वर्षे येते, ती सोडून छापील पुस्तकातले परदेशी गुलाब कशाला भरायचे, हे मला कळत नाही.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांच्या घरी इरकली लुगडे असेल तर त्याच्या पदरावर किंवा अंगावर कशिदा आहे का पाहा. धारवाड भागातली ही कला. ती कापडावर रेघा न मारता, नुसते उभे-आडवे धागे मोजून भरतात. त्यातला गवंती टाका असा, की आधी धावदोरा घालत जायचे आणि परतताना मोकळ्या जागा भरत यायचे, म्हणजे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मेंथी म्हणजे मेथी, तो फुलीचा टाका. तुळशीवृंदावन, गोपुर, हत्ती, मोर, पालखी अशा खुणा त्यात असतात. हे नवशिक्याचे काम नव्हे, पण दुसूतीच्या जाड कापडावर धागे सहज मोजता येतात, तिथे फुलीच्या टाक्याने सुरुवात होऊ शकते. आणि गावाजवळ बंजारा तांडा असेल तर तिथल्या वयस्क बायांच्या अंगावरची कांचळी आणि फेट्या जवळून पाहा. आरसे कसे टाक्यांनी धरलेत, कवड्या कशा बसवल्यात, ते कुठल्याही वर्गात शिकायला मिळणार नाही. शिकायला गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका आणि तिच्या वेळेचे पैसे विचारून द्या. आरसे, कवड्या, मणी मात्र दुपट्यावर कधीच नकोत. बाळ ते तोंडात घालते.

बंधूंनो, तुम्ही इथवर वाचले असेल तर तुमच्यासाठीही काम आहे. बैलाची झूल! पोळ्याला, बेंदराला आता बाजारातली चकचकीत झूल आणतात. दोन पावसांत तिचा रंग जातो. घरच्या जाड सुती कापडाची, दोन थरांची, कडेने ठिगळांची नक्षी लावलेली झूल एका उन्हाळ्यात सहज शिवून होते. सुई धरल्याने मिशी खाली येत नाही. शिंपी काय, चर्मकार काय, पिढ्यान् पिढ्या पुरुषच सुई चालवीत आले आहेत.

वेळेचे म्हणाल तर आता माघ सरत आला. पुढे ज्वारी-गव्हाची काढणी, त्यात सुई हातात येणार नाही. चैत्र-वैशाखात दुपारचे ऊन टाळायला सगळे घरात असतात, पूर्वी गोधड्या तेव्हाच अंथरल्या जात. बागाईत गावांत मोकळा महिना असा राहिलेला नाही, हे मी जाणते. ऊस, भाजीपाला, दूध यांना सुट्टी नसते. तिथे दुपटे हाच मार्ग, ते पिशवीत मावते आणि भाजीची गाडी येईपर्यंतही दोन ओळी होतात. रात्री दिव्याखाली बारीक भरतकाम करू नका. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येत नसेल तर सुई दूर-जवळ धरत बसण्यापेक्षा डोळे तपासून चष्मा घ्या. पाठ भिंतीला टेकवून बसा आणि तासाभराने उठा. कांदा, ऊस, कापूस काढून हात खरखरीत झालेले असतात, त्यांत रेशमी दोरा अडकतो. रात्री झोपताना खोबरेल चोळा, शिवायच्या वेळी मात्र हात साबणाने धुऊन कोरडे करा.

आता तो प्रश्न, जो बैठकीत हटकून येतो : “बाई, विकली तर किती येतील?” माझे मत स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षे विकण्याचा विचार करू नका. वर आपण हिशेब केलाच आहे. एका माणसाच्या गोधडीला सरावल्या हाताचे 26 तास, म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर सव्वातीन दिवस. नवखीचे साडेसहा दिवस. तुमच्या गावात खुरपणीचा जो रोज चालू आहे, त्याने याला गुणा. तेवढे पैसे फक्त मजुरीचे झाले. कापड, दोरा, धुणे, शहरात नेणे वेगळे. एवढी किंमत दिली तरच विकावी, नाही तर ती आपल्याच हाताने आपली मजुरी पाडणे आहे. बाजारात यंत्रावर शिवलेली रजई स्वस्त मिळते आणि तिच्याशी भावात स्पर्धा होत नाही. बचत गटाच्या बायका महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गोधड्या नेतात, कोणाला चांगला भावही मिळतो, पण त्यांचा टाका एकसारखा झालेला असतो, कापडाची जुळणी विचारपूर्वक असते. तिथवर जायचे तर आधी दोन-चार घरच्यासाठी झाल्या पाहिजेत. घरच्यासाठी झालेली गोधडी कुठे कमी पडते, कुठे उसवते, हे वापरूनच कळते.

पाहुणे आले की गोधडी दडवायची आणि झुळझुळीत ब्लँकेट काढायचे, ही रीतही मला पटत नाही. चिंध्यांची म्हणून लाज वाटते म्हणतात. गाडगेबाबांना सुरुवातीला लोक ‘गोधडेबुवा’च म्हणत, त्या माणसाला काही गोधडीची लाज वाटली नाही.

आणि ती सासूबाईंची गोष्ट राहिलीच. सूनबाई, तुम्ही या लेखात वाचले त्यापेक्षा त्यांना जास्त येते. पण “शिकवा” म्हटले तर त्या “त्यात काय शिकायचं?” म्हणतील, कारण त्यांनाही कोणी शिकवलेले नसते, त्या पाहून शिकल्या. म्हणून शिकवा म्हणू नका. दुपट्याचे तीन थर त्यांच्यासमोर अंथरा आणि मुकाट्याने शिवायला बसा. दहा मिनिटांत त्या म्हणतील, “अगं, असं नाही, इकडं आण.” मग सुई त्यांच्याकडे द्या आणि हाताकडे पाहा : अंगठा कुठे टेकतो, एका दमात सुईवर किती टाके भरून मग दोरा ओढतात, कोपऱ्यावर कशा वळतात. हे लिहून सांगता येत नाही. काही जणींचे हात आता थरथरतात, डोळे गेलेत. त्यांना शिवायला लावू नका, पण अंथरताना जवळ बसवा. सुरकुती कुठे आहे, ते त्यांना हात फिरवूनच कळते.

शेवटी निगा. गोधडी ओली झाली की फार जड होते, तिची दोन टोके दोघींनी धरून पिळावीत, एकटीने कमरेचा जीव काढू नये. नवरात्राआधी घरोघर धुणे निघते तेव्हा ती धुवावीच, पण एरवी महिन्यातून एकदा कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवली तरी पुरते. पावसाळ्यात दमट गोधडी घडी करून ठेवू नये, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. उसवली तर त्याच आठवड्यात शिवावी, विरली तर ठिगळ लावावे, आणि अगदीच गेली तर नव्या गोधडीचा मधला थर करावा. ट्रंकेत ठेवताना घड्यांमध्ये कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला पातळ फडक्यात बांधून ठेवावा, म्हणजे कापडाला डाग पडत नाहीत.

कडुलिंबाच्या पाल्यावरून आठवले. ज्वारी-गव्हाची रास लवकरच घरात येईल. धान्य किती वाळले म्हणजे कणगीत भरावे आणि त्याला कीड कशी लागू द्यायची नाही, ते पुढच्या आठवड्यात पाहू.